पत्त्यांच्या बंगल्याचा गिझर

गुडघा बदलल्यावर बाबा दीड महिना घरात अडकले, आणि तोही नेमका डिसेंबरात. नागपुरात डिसेंबर म्हणजे अधिवेशन. बर्डीकडचे रस्ते अडवलेले, मोर्चे, सायरन, दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले थंडीनं कुडकुडणारे पोलीस. आणि तीस वर्षं ज्यांनी या अधिवेशनाची दिवाळीसारखी तयारी केली, ते बाबा पलंगावर. पीडब्ल्यूडीतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी नोव्हेंबर लागला की त्यांचे हात शिवशिवतात. आमदार निवासाची रंगरंगोटी, नळ, गाद्या, ब्लँकेटं, गिझर. त्यातही गिझर. राज्याचा कारभार मंत्रालयातून चालतो हे त्यांना मान्य आहे, पण डिसेंबरात तो पहाटे सहाला गिझरच्या लाल दिव्यावर चालतो, असं त्यांचं मत आहे.

त्यांचं मन रमावं म्हणून मी 'हाउस ऑफ कार्ड्स' ही अमेरिकी मालिका लावली. "म्हणजे काय?" "पत्त्यांचा बंगला." बंगला म्हटल्यावर ते सावरून बसले. रामगिरी, देवगिरी, रवी भवन या मंत्र्यांच्या बंगल्यांच्या भिंतींना चुना-रंग देण्यातच जन्म गेलेला माणूस!

पहिल्याच मिनिटाला नायक गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याचा जीव स्वतःच्या हातांनी घेतो. आई कणीक मळता मळता बाहेर आली, तेवढं पाहिलं आणि "सकाळी सकाळी काय लावलं गं हे" म्हणून परत आत गेली. बाबांना मी गोष्ट समजावत होते. हा फ्रँक अंडरवूड, सत्ताधारी पक्षाचा प्रतोद. याला परराष्ट्रमंत्रिपदाचा शब्द दिला होता, निवडून आल्यावर राष्ट्राध्यक्षानं फिरवला. आता हा एकेकाचा हिशेब चुकता करणार. एवढ्यावर बाबांना सगळं कळलं. प्रतोद म्हणजे कोण हे विदर्भात वेगळं सांगावं लागत नाही. प्रतोद हा शब्दच मुळी बैल हाकायच्या पराणीचा, आणि आपल्याकडे बैलही ओळखीचे.

मला या मालिकेचं वेड आहे ते एकाच गोष्टीसाठी. भर सभेत, भर जेवणात हा माणूस मान वळवून सरळ आपल्याकडे बघतो आणि मनातलं सांगतो. बाकी सगळ्यांशी खोटं, आपल्याशी तेवढं खरं. मग त्यानं काहीही केलं तरी आपण त्याचेच. पापात भागीदार झाल्याची ती ऊब असते ना, तिला मी दर वेळी फसते. या प्रकाराचा बाप ब्रिटिश आहे. १९९० साली बीबीसीवर याच नावाची मालिका आली होती, तिच्यातलाही प्रतोद असाच प्रेक्षकांशी बोलायचा.

बाबांना नेमकं तेच पटेना. "हा आपल्याशी कायले बोलून राहिला?"

"मनातलं सांगतोय, बाबा."

"ज्याले दगा करायचा असते तो मनातल्या मनातसुद्धा बोलत नाही. तो खोली बदलून मागते."

मग गाडी आमदार निवासात शिरली ती तासभर निघालीच नाही. कोण कोणाच्या शेजारची खोली मागतो. कोण दोन पलंगांच्या खोलीत सहा जादा गाद्या टाकायला लावतो. कोणाकडे रात्री एकला चहाची किटली जाते आणि सकाळी खोली रिकामी असते. १९९१च्या डिसेंबरात छगन भुजबळांनी शिवसेना सोडली, ती याच नागपूरच्या अधिवेशनात. तेव्हा एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती फूट कायद्याला चालायची, २००३ साली घटनादुरुस्ती होऊन ती वाट बंद झाली. त्या दिवसांविषयी बाबांना कितीही खोदून विचारा, ते एवढंच सांगतात, "थंडी लय होती. ब्लँकेटं पुरली नव्हती."

तसं पाहिलं तर या गावाला असली गोष्ट बाहेरून आणायची गरजच नाही. सीताबर्डीचा किल्ला समोर उभा आहे. अप्पासाहेब भोसल्यांनी १८१६ मध्ये इंग्रजांशी तह करून कारभार हातात घेतला. पुढच्याच वर्षी गादीवरच्या परसोजींचा खून झाला आणि संशय अप्पासाहेबांवरच राहिला. त्याच नोव्हेंबरात त्यांनी ज्यांच्याशी तह केला त्या इंग्रजांवरच सीताबर्डीला हल्ला केला, हरले, कैद झाले, अलाहाबादला नेताना पहारेकऱ्यांना फितवून निसटले आणि १८४० मध्ये दूर जोधपूरला वारले. या गोष्टीत एकदाही कोणी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, म्हणून असेल, आपण तिला शाळेत चार मार्कांची टीप करून टाकलं.

बाबांना मालिकेत एकच माणूस मनापासून आवडला. फ्रेडी. वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीत त्याचं छोटंसं खानावळीसारखं दुकान. फ्रँक भल्या सकाळी येतो, कोपऱ्यात बसून हाताला रस्सा लागेस्तोवर भाजलेल्या बरगड्या खातो. "सावजी आहे हा," बाबा म्हणाले. फ्रेडी आला की ते चश्मा पुसून घेत.

दुसऱ्या सीझनमध्ये फ्रँक उपराष्ट्राध्यक्ष होतो. वर्तमानपत्रं दोघांच्या दोस्तीमागे लागतात, फ्रेडीचा जुना तुरुंगवास निघतो, धंदा बुडतो, आणि फ्रँक हात झटकतो. भेटायला येतो तेव्हा फ्रेडी रडत नाही की भांडत नाही. तुम्ही माझं चांगलं गिऱ्हाईक होता, एवढंच, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो आणि विषय संपवतो.

बाबा गप्प. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आमच्या घरी एक गोष्ट बोलली जात नाही. एक आमदार होते, पहिल्यांदा निवडून आलेले, थंडीची सवय नसलेले. बाबांनी त्यांना कोपऱ्यातली उन्हाची खोली मिळवून दिली, स्वतः उभं राहून नवा गिझर बसवला. त्यांना पाटोडीरस्सा आवडतो कळल्यावर आईनं तीन पुडांचा डबा पाठवायला सुरुवात केली. चार अधिवेशनं डबा गेला, घासून-पुसून परत आला. पाचव्या वर्षी ते मंत्री झाले, बंगल्यावर गेले. बाबा डबा घेऊन गेले तेव्हा डबा कोणीतरी आत नेला आणि बाबांना फाटकावरच थांबवलं. दोन तासांनी ते तसेच घरी आले.

मी आवाज कमी केला. स्वयंपाकघरातून आईला एवढा वेळ सगळं ऐकू येत असणार, कारण भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"काय गं," ती आतूनच म्हणाली, "त्या फ्रेडीची भांडी तरी परत केली का त्यानं?"