साडेतीन लाख आणि एक चादर

गेल्या पावसाळ्यात जुन्या स्पीकरच्या वूफरभोवतीची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाभोवतीची, फोमची कडी बोट लावताच भुगा होऊन गळली. गोव्याच्या दमट हवेत ती बारा वर्षं टिकली हेच खूप. निवृत्तीचे पैसे हातात होते. चाळीस वर्षं गाणं शिकले, पण घरी ते मनासारखं कधी ऐकायला मिळालं नव्हतं. म्हटलं, आता घ्यायचे तर चांगलेच घ्यायचे.

पणजीतल्या एका दुकानात यादी झाली: स्पीकर 1,80,000, अ‍ॅम्प्लिफायर 1,20,000 आणि केबल 50,000. तिथे ऐकताना अंगावर काटा आला, हे खरं. पण महागडी केबल जोडून दाखवताना विक्रेत्याचा हात आवाजाच्या बटणाकडेही गेला, तो मी पाहिला. आवाज किंचित वाढला की कानाला तो मोठा वाटत नाही, खुललेला वाटतो. मी विचारलं तर त्याने विषय बदलला. मग मीही हट्ट धरला की अनामत ठेवून घ्या, पण आठवडाभर घरी ऐकू द्या. तयार झाले.

आमचं घर फोंड्याजवळ, चिऱ्याचं, कौलारू. बैठकीच्या खोलीला आमच्याकडे साल म्हणतात. ती लांबरुंद, खाली गुळगुळीत लादी, भिंती गिलावा केलेल्या. तिथे सामान मांडलं आणि पहिल्याच तानेला माझा चेहरा उतरला. दुकानातला तो आवाज गेला कुठे? टाळी वाजवून पाहिली, तर भिंतीभिंतींतून टणटण परत येत होती. दुकानातली खोली गालिचा आणि गाद्यांनी मढवलेली होती, हे तेव्हा आठवलं.

रविवारी भाचा आला. तो इलेक्ट्रिकलचा इंजिनियर. म्हणाला, ‘‘मावशी, डोळ्यांनी ऐकायचं नाही. मी मध्ये चादर बांधतो.’’ दोन अ‍ॅम्प्लिफायर, माझा जुना आणि हा सव्वा लाखाच्या घरातला. एकच सूर दोन्हींतून वाजवून त्याने स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला आणि दोन्हींचे व्होल्ट सारखे केले. मग चादरीआड नाणं उडवून तो ठरवायचा कुठला जोडायचा, मी फक्त ओळखायचं. वीस वेळा. नुसत्या अंदाजानेही दहाच्या आसपास बरोबर येतातच, म्हणून निदान पंधरा हवेत असं आधीच ठरलं होतं. माझे अकरा आले. मला फार वाईट वाटलं, कारण दुकानात मी छातीठोकपणे फरक सांगितला होता. केबलचा प्रयोग केलाच नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेला पाच मीटरच्या जाण्यायेण्यात जेमतेम 0.07 ओहम रोध असतो, आठ ओहमच्या स्पीकरसमोर तो किती, हे त्याने कागदावर मांडून दाखवलं.

स्पीकरचं मात्र वेगळं होतं. भाच्याने तुलनेसाठी स्वतःची 85,000 ची जोडी आणली होती. इथे चादर असो नसो, दोन सुरांत ओळखू येत होतं. माझी पट्टी (पेटीवरचा माझा सा) काळी चार, म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज, सर्वांत खालच्या सुराची तार, साधारण 104 हर्ट्झ. मी माझाच तंबोरा मुद्रित करून वाजवला आणि शेजारी बसून तोच तंबोरा छेडला. फोनवर खर्ज असतो म्हणून फक्त कळतो. या दोन्ही जोड्यांवर तो लादीतून पायाला लागला. जवारीची, म्हणजे तार घोडीला घासत कंप पावते तेव्हाची ती झिणझिण, तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवला की उलगडते ना, ती महागड्या जोडीवर थोडी जास्त मोकळी होती. थोडी. हे मी नाकारणार नाही.

पण मी रोज काय ऐकते? आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. त्यांच्या 78 च्या तबकड्या, तीन-सव्वातीन मिनिटांची एकेक बाजू. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली त्यांची भैरवी दोन्ही जोड्यांवर लावली. चादरीमागून काहीही सांगता आलं नाही. त्या मुद्रणांत फार वरचे सूर उतरलेलेच नाहीत, तर ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, ते आणणार कुठून? उलट महागड्या जोडीवर तबकडीची खरखरच जास्त ठसठशीत झाली. तंबोऱ्याच्या त्या थोड्या मोकळेपणासाठी 95,000 जास्त मोजायला माझं मन तयार होईना.

सामान परत केलं, अनामत मिळाली. 85,000 चीच नवी जोडी मागवली, वूफरची कडी रबराची आहे याची खात्री करून. अ‍ॅम्प्लिफायर जुनाच ठेवला. जाड पडदे, लादीवर मोठं जाजम आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, यांवर 22,000 गेले, आणि खरं सांगते, सर्वांत मोठा फरक या 22,000 नी पडला. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढल्यावर खर्जाची घुमघुमही गेली. ह्यांना ते येता-जाता आडवे येतात, पण अजून तक्रार केलेली नाही.

जून ते सप्टेंबर कौलांवर पाऊस असा कोसळतो की हळू आलाप ऐकूच येत नाही. त्या चार महिन्यांत तंबोरा जवारी लावून घ्यायला मिरजेच्या वाद्य-कारागिरांकडे पाठवणार आहे. उरलेल्या पैशांतून आधी ते.