जिप्सीमागे ट्रेलर: ठाणे ते भंडारदरा, वायरिंगच्या बाजूने

छोट्या गाडीमागे कॅम्पिंगचा ट्रेलर लावला की सिग्नलला, पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या गेटवर एकच प्रश्न येतो: "ओढते का हो?" ओढते. १३०० सीसीची जिप्सी एका एक्सलचा हलका ट्रेलर कसारा घाट चढवते, फक्त घाई करायची नाही. मागच्याला तुमचा ब्रेक दिसतो का, हे मात्र कोणी विचारत नाही. ट्रेलर लागला की गाडीचे मागचे दिवे त्याच्याआड जातात. पहाटेच्या अंधारात भिवंडी बायपासला मागे कंटेनर असताना तुमच्यात आणि त्याच्यात फक्त ट्रेलरचे दोन दिवे असतात. म्हणून या वृत्तांतात तळ्यापेक्षा तारांबद्दलच जास्त आहे.

ट्रेलर सेकंडहँड घेतला होता. आधीच्या मालकाने दिव्यांना अर्थ, म्हणजे करंट परतायची वायर, दिलीच नव्हती. करंट कपलरच्या (ट्रेलरच्या दांड्याचं हुकवर बसणारं तोंड) लोखंडातून हुकच्या गोळ्यात आणि तिथून गाडीच्या चॅसीत परतत होता. गोळ्यावर ग्रीस आणि गंज दोन्ही, त्यामुळे खड्ड्यात दिवे लागत आणि सपाटीवर विझत. सगळी जुनी वायर काढून टाकली आणि वागळे इस्टेटमध्ये एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गाडी नेली. त्यांचा पहिला प्रस्ताव अपेक्षेप्रमाणे होता: "साहेब, टेललाइटच्या वायरीला टॅप मारून देतो, अर्ध्या तासात मोकळे."

टॅप मारला, म्हणजे गाडीच्या दिव्याच्या वायरीलाच ट्रेलरची वायर जोडली, तर काय होतं ते कागदावर मांडून बघा. साध्या बल्बांच्या ट्रेलरमध्ये दोन टेललाइट ५ वॉटचे, दोन ब्रेकलाइट २१ वॉटचे, दोन इंडिकेटर २१ वॉटचे आणि नंबरप्लेटचा एक ५ वॉटचा. हॅझर्ड लावून ब्रेक दाबला तर ९९ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला सव्वाआठ अँपिअर. हा सगळा भार गाडीच्या बारीक वायरींवर, ब्रेकच्या स्विचवर आणि इंडिकेटरच्या फ्लॅशरवर येतो. फ्लॅशर दोन मोठ्या बल्बांच्या हिशेबाने बनवलेला असतो, तिसरा लावला की तापून-थंडावून उघडझाप करणाऱ्या जुन्या थर्मल फ्लॅशरची लय बिघडते. शिवाय लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. व्होल्टेज १० टक्के उतरलं की बल्बचा उजेड जवळपास ३० टक्के उतरतो. दिवा "लागतो", पण दिसत नाही.

काकांना रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, लावायला सांगितले. आधी त्यांनी मान हलवली, मग हेडलाइटला रिले लावतो तसंच म्हटल्यावर लगेच पटलं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिलिमीटरची एक वायर थेट मागे नेली. तिला बॅटरीपासून वीतभराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज मागे रिलेपाशी लावून उपयोग नाही. वायर मध्येच कुठे घासून चॅसीला टेकली तर जळते ती बॅटरी ते फ्यूज यांच्या मधली. मागे चार रिले: डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेक, टेल. गाडीच्या दिव्याची वायर फक्त रिलेच्या कॉइलला जाते, म्हणजे तिच्यावर जेमतेम दीडदोनशे मिलिअँपिअरचा भार. ट्रेलरचा खरा करंट बॅटरीवरून येतो. ट्रेलरमध्ये उद्या शॉर्ट झाला तर ट्रेलरचा फ्यूज उडेल, जिप्सीचे दिवे चालू राहतील. या एका गोष्टीसाठी दिवसभराचं काम परवडतं.

नव्या गाड्यांना हे असं जमत नाही. माझ्या मेहुण्याच्या हॅचबॅकमध्ये दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल या छोट्या संगणकावरून चालतात. बल्ब शाबूत आहे का हे तो तपासत असतो आणि काही गाड्यांत टेललाइटला सलग व्होल्टेज न देता तुकड्यातुकड्यांत देतो. साधा रिले तिथे थरथरतो. तिथे टॅपचा विचारही करू नका. मॉड्यूल गेलं तर वायरिंगच्या वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो. ट्रेलरसाठी तयार मॉड्यूल मिळतात, ते गाडीकडून नुसता सिग्नल घेतात आणि बॅटरीवरून दिवे चालवतात. पण त्याही आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ट्रेलर ओढू नये असंच लिहिलेलं असतं. तसं लिहिलं असेल तर विषय तिथेच मिटला. जिप्सीला लॅडर चॅसी, म्हणजे शिडीसारखी वेगळी लोखंडी चौकट आहे, हुकचा ब्रॅकेट सरळ तिला बोल्ट होतो. मोनोकॉक, म्हणजे अशी वेगळी चौकट नसलेल्या गाडीच्या बंपरमागच्या पत्र्याला हुक डागणारे फॅब्रिकेटर भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

सॉकेटसाठी फार शोधाशोध लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतं तसं गोल पिनांचं सात पिनी सॉकेट ठाण्यात मागवून मिळतं, नाहीतर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. आंतरराष्ट्रीय पद्धतीत १ नंबरला पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, २ ला निळी मागच्या फॉगलाइटची, ३ ला पांढरी अर्थची, ४ ला हिरवी उजव्या इंडिकेटरची, ५ ला तपकिरी उजव्या टेलची, ६ ला लाल ब्रेकची आणि ७ ला काळी डाव्या टेलची. घोटाळा होतो तो काळ्या वायरीत. आपल्याकडे काळी म्हणजे अर्थ हे वायरिंगवाल्यांच्या हातात बसलेलं आहे. काकांनीही काळी उचलून चॅसीकडे नेलीच होती. तसं झालं असतं तर पार्किंग लाइट लावताच फ्यूज उडाला असता. रंगांचा कागद सॉकेटशेजारी चिकटवा आणि जोडताना आकड्यांवर विश्वास ठेवा, रंगांवर नको.

पांढरी वायर सगळ्यांत जाड हवी, कारण सगळ्या दिव्यांचा करंट तिच्यातूनच परततो. ट्रेलरच्या प्रत्येक दिव्यापर्यंत ती वेगळी नेली. जोड पिळून टेप गुंडाळलेले नकोत. वायरीच्या टोकाला लग (नटाखाली बसणारी धातूची टोपी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). आपल्या पावसात इन्सुलेशन टेप एका ऋतूतच चिकट होऊन सुटते.

आता रस्ता. पहाटे माजिवड्याहून निघालो. साकेत पूल, खारेगाव, माणकोली, वडपे. रुंदीकरणाच्या कामामुळे या पट्ट्यात वळणं बदलत राहतात आणि ट्रेलरला अचानक आलेलं डायव्हर्जन आवडत नाही, म्हणून डावी लेन धरून पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवलं. आमच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही. त्याचं वजन जिप्सीलाच थांबवावं लागतं. समृद्धीचा आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे घाट टाळता येतो. पण तिथल्या वेगात ट्रेलर घेऊन जायची मला हौस नाही, आणि घाटातला ब्रेकलाइट बघायचाच होता.

शहापूरला चहाला थांबलो तेव्हा हुक, साखळी आणि प्लग यांच्यावर हात फिरवला. थांबाल तिथे हे करा. साखळ्या कपलरखाली फुलीसारख्या एकमेकींवरून नेलेल्या असाव्यात, म्हणजे हुक सुटला तर ट्रेलरचा दांडा रस्त्याऐवजी साखळ्यांवर पडतो. केबलला पूर्ण वळणापुरती ढील हवी, पण जमिनीला लागेल इतकी नको. साखळीला गुंडाळून ठेवायची सवय वाईट; वळणावर साखळी ताणली की प्लग उपसला जातो.

कसाऱ्याच्या चढावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगते. तिथे हॅझर्ड लावून चढणारे पुष्कळ दिसतात. मला ते पटत नाही: हॅझर्ड चालू असताना इंडिकेटर देताच येत नाही, मग लेन बदलताना मागच्या ट्रकने समजायचं काय? नुसते टेललाइट आणि मागे लाल रेडियमच्या पट्ट्या पुरतात. परतीच्या उतारावर जो गिअर चढायला लागला तोच ठेवायचा, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही.

घोटीहून भंडारदऱ्याकडे वळल्यावर रस्त्याने आमच्या वायरिंगची परीक्षा घेतली. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावापाशी थांबून दिवे बघितले. उजवा इंडिकेटर दिला की उजवा टेललाइट त्याच्याबरोबर मंद उघडझाप करत होता. हे लक्षण ध्यानात ठेवा, कारण बल्ब बदलत बसणारे इथेच फसतात. एक दिवा दुसऱ्याच्या तालावर नाचतोय म्हणजे त्या दिव्यांच्या डब्याची अर्थ सुटली आहे. करंटला परतायला वाट नाही, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो. खात्रीसाठी मीटरभर वायर घेऊन एक टोक ३ नंबरच्या पिनेला आणि दुसरं दिव्याच्या बॉडीला लावलं, दिवा लख्ख. धक्क्यांनी लगचा नट ढिला झाला होता. खाली स्प्रिंग वॉशर नव्हता. घालून आवळला, पुढचा प्रवास नीट झाला. डब्यात स्प्रिंग वॉशर, फ्यूज, २१ आणि ५ वॉटचे बल्ब, टेस्ट लॅम्प आणि ती मीटरभर वायर एवढं पुरे.

तळ्याकाठी तंबू देणाऱ्या बऱ्याच जागा आहेत, पण ट्रेलर आत येईल का हे फोनवर आधीच विचारा. उताराची कच्ची वाट आणि ओली माती असेल तर जिप्सी निघेल, तुमची गाडी निघेलच असं नाही. रिव्हर्स घेताना ट्रेलरची मागची बाजू स्टिअरिंगच्या उलट जाते आणि छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर मुडपतो. सौ. खाली उतरून मागे उभी राहिली तेव्हाच जमलं. रात्रीच्या दिव्यांसाठी आणि पंख्यासाठी ट्रेलरमध्ये वेगळी बॅटरी आहे. तिचं चार्जिंग या सात पिनांतून करू नका. वेगळी जाड वायर, वेगळा फ्यूज, वेगळा दोन पिनी कनेक्टर आणि इंजिन चालू असतानाच जोडणारा रिले लावा, नाहीतर पंखा रात्रभर गाडीच्या बॅटरीवर फिरतो आणि सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

कागदांचं थोडक्यात. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणून त्याची नोंदणी वेगळी आणि मागे नंबरप्लेटही त्याची स्वतःची. ठाण्यात एमएच ०४, नवी मुंबईत एमएच ४३. घरी बनवून घेणार असाल तर लोखंड कापायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर नाही. गाडीला हुक लावल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा.

पावसाळ्यात ट्रेलर उभा राहणार असेल तर प्लगचं तोंड खाली करून टांगा, पिनांना पातळ सिलिकॉन ग्रीस लावा आणि सॉकेटचं झाकण बसतंय ना बघा. पितळी पिना हिरव्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून, दोन्ही बाजूंचा अर्थ मल्टीमीटरने तपासून मगच बाहेर काढा.