चुकलेला स्टार्ट

गुरुवार, रात्र

बालेवाडीच्या ट्रॅकवरची शंभर मीटरची अंतिम शर्यत होऊन आज अकरा दिवस झाले आणि तिच्याविषयी शांतपणे लिहिता येईल असे आज पहिल्यांदा वाटते आहे. मी ती शर्यत हरले असेही म्हणता येत नाही, कारण मी ती धावलेच नाही. ‘सेट’च्या हुकमावर कंबर उचलली, बार होण्याआधीच माझा डावा हात जमिनीवरून सुटला आणि पंचांनी माझ्यासमोर लाल-काळे कार्ड धरले. २०१० पासून पहिल्याच चुकीला धावपटू बाद होतो, हे मला पाठ होते. ट्रॅकच्या कडेला बसून मी स्पाइक्सच्या नाडीची गाठ सोडवत असताना बाकीच्या सातजणी समोरून धावत गेल्या, आणि ती गाठ काही केल्या सुटेना.

घरी सगळ्यांनी धीर दिला. २०११ साली दैगूच्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्टही शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत असाच बाद झाला होता आणि सहाच दिवसांनी त्याने दोनशे मीटरचे सुवर्ण जिंकले, असे मामाने सांगितले. ऐकून बरे वाटले. पण माझे नेमके काय चुकले, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर सरांनी शोधले. सरावाचे जुने व्हिडिओ लावून ते ‘सेट’ आणि टाळी यांमधला वेळ मोजत बसले, आणि तो जवळजवळ प्रत्येक वेळी सारखाच निघाला. म्हणजे कित्येक महिने मी आवाज ऐकून उठत नव्हते, मनातल्या मनात ‘एक, दोन’ मोजून उठत होते; बालेवाडीला स्टार्टरने जरा जास्त वेळ थांबवले आणि माझे ‘दोन’ आधीच संपले. ‘ही सवय तुला मीच लावली,’ असे सर म्हणाले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. इतके दिवस मी स्वतःला मनाने कच्ची समजत होते.

तेव्हापासून खाशाबा जाधवांचा विचार वारंवार मनात येतो. १९४८ साली लंडनला ते सहावे आले, ते काही जिद्द कमी पडली म्हणून नव्हे. तांबड्या मातीत घडलेल्या त्या मल्लाला मॅटची आणि तिथल्या नियमांची सवय नव्हती. ती उणीव त्यांनी भरून काढली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. लहानपणापासून ही गोष्ट मी केवळ चिकाटीची म्हणून ऐकत आले. त्यातली मॅट मला आता दिसली.

आता सणस मैदानावर सर माझ्या पाठीमागे, मला दिसणार नाहीत असे उभे राहतात आणि वाटेल तेव्हा क्लॅपर वाजवतात, कधी लगेच, तर कधी खांदे थरथरू लागेपर्यंत थांबून. बोटांच्या टोकांवर भार धरून नुसते ऐकत राहणे किती अवघड आहे, हे मला ठाऊकच नव्हते. कान मोकळा ठेवायचा तर आकडे थांबवावे लागतात, आणि ते आपोआप सुरू होतात.

आज चोवीस स्टार्ट घेतले. तीनदा आधी उठले. गेल्या शुक्रवारी नऊदा उठले होते.