निकालाच्या फ्लेक्सआधी शाळेचं मैदान बघा

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकच्या सिडको, पाथर्डी फाटा, सातपूर, म्हसरूळ, आडगाव, नाशिकरोड या भागांत पालक शाळा शोधत फिरतात. बहुतेकांची चौकशी एका प्रश्नावर थांबते, दहावीचा निकाल किती टक्के? शाळाही तोच आकडा फाटकावर मोठ्या अक्षरांत लावते. पाचवीत किंवा आठवीत प्रवेश घेणारं मूल त्या आवारात तीन ते सहा वर्षं काढणार असतं, आणि त्या वर्षांबद्दल हा आकडा फार थोडं सांगतो. आमचं स्पष्ट मत आहे की अनुदानित माध्यमिक शाळा पारखायची असेल तर मैदान, प्रयोगशाळा आणि मुलींची स्वच्छतागृहं आधी पाहावीत. निकाल त्यानंतर, आणि तोही उलगडून.

निकालापासूनच सुरुवात करू. शंभर टक्के निकाल ऐकल्यावर पुढचा प्रश्न असा विचारा की आदल्या वर्षी नववीच्या सगळ्या तुकड्या मिळून पट किती होता आणि दहावीला शाळेकडून किती मुलं बसली. समजा नववीत १८० होती आणि बोर्डाला १५० बसली, तर मधली ३० मुलं कुठे गेली? काहींनी गाव बदललं असेल, काही नापास झाली असतील. काहींना मात्र १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितलेलं असतं. गळती करून मिळवलेल्या शंभर टक्क्यांपेक्षा सगळ्यांना बसवून आलेले ९२ टक्के आम्हाला जास्त मोलाचे वाटतात.

दुसरी गोष्ट गुणांच्या रचनेची. सहा विषयांचे ६०० गुण असतात आणि टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांच्या ५०० वर निघते. प्रत्येक विषयात लेखी ८० आणि शाळेच्या हातातले २०. गणितात बीजगणित ४० आणि भूमिती ४०, विज्ञानात भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४०, सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र ४० आणि भूगोल ४०. शाळेकडचे २० गुण बहुतेक मुलांना भरभरून मिळतात. त्यामुळे शिकवण्याचा कस लेखी ८० मध्येच दिसतो. जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत बीजगणित आणि भूमितीची तुकडीची सरासरी वेगवेगळी किती आली, हे मुख्याध्यापकांना जरूर विचारा. भूमिती दहा-बारा गुणांनी मागे असेल तर तो विषय घाईत उरकला जातोय असं समजा. गणित आणि विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हेही विचारायला संकोच करू नका. वर्षाच्या मध्ये शिक्षक बदलला की सेमीच्या मुलांचं नुकसान सगळ्यांत जास्त होतं. त्यांचे गणित-विज्ञान इंग्रजीतून चालू असतात आणि नव्या शिक्षकाचे शब्द, पद्धत, वहीची मांडणी सगळंच वेगळं असतं.

प्रयोगशाळा दाखवा म्हणावं आणि कपाट उघडायला सांगावं. धूळ महत्त्वाची नाही, बाटल्या महत्त्वाच्या. दहावीच्या रासायनिक अभिक्रियांच्या पाठात कळीचा चुना पाण्यात टाकून तापमान वाढतं हे दाखवायचं असतं. बाटलीचं झाकण सैल राहिलं की चुना हवेतली ओल शोषून विरतो, त्याची पांढरी भुकटी होते आणि मग पाण्यात कितीही टाकला तरी थर्मामीटर जागचा हलत नाही. मुलं वहीत ‘तापमान वाढले’ लिहून मोकळी होतात. बाटलीत खडे दिसले तर चुना चांगला. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकण्याच्या प्रयोगात खिळा आधी पॉलिश पेपरने घासावा लागतो. गंज किंवा तेल राहिलं तर तांब्याचा थर डागाडागांनी बसतो आणि निरीक्षण फसतं.

काचेच्या चिपेतून प्रकाशाचं अपवर्तन हा प्रयोग तर शाळेची शिस्त सांगतो. ६० मुलांची तुकडी असेल तर २०-२० चे तीन गट, गटात चौघांना एक संच, म्हणजे पाच चिपा, पाच ड्रॉइंग बोर्ड आणि भरपूर टाचण्या. आपाती कोन ३० ते ६० अंशांमध्ये ठेवायचा, दोन टाचण्यांत किमान ५ सेंटीमीटर अंतर ठेवायचं आणि टाचणी ताठ टोचायची. टाचण्यांची डोकी जुळवून पाहिलं की चूक होते, कारण टाचणी कलली असेल तर डोकं एकीकडे आणि टोक दुसरीकडे राहतं. टोकं जुळवून पाहिली तरच निर्गत किरण आपाती किरणाला समांतर येतो. यासाठी सलग दोन तासिका लागतात. वेळापत्रकात विज्ञानाच्या जोडतासिका आहेत का, एवढं पाहिलं तरी प्रयोग प्रत्यक्ष होतात की फक्त जर्नलमध्ये उतरतात ते कळतं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर जून ते सप्टेंबरच्या दमटीत बुरशी धरते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करायचे, खर्च जवळजवळ शून्य.

आता मैदान. आमच्या शहराच्या उपनगरांत बऱ्याच शाळांना जागा आहे, जी मुंबईच्या शाळांना स्वप्नातही मिळत नाही. ती जपली जात नाही, याचंच फार वाईट वाटतं. अडचण काळ्या मातीची आहे. ही माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून चिकट होते. तिच्यावर थेट खो-खो खेळवला तर ऑक्टोबरपर्यंत सराव बंद राहतो आणि नेमक्या त्याच काळात शालेय स्पर्धा असतात.

उपाय मुरमाचा. पाऊस संपून माती वाफशावर (ना चिकट ओली, ना कडक कोरडी) आली की वरचा १५ सेंटीमीटर थर मुळांसकट काढायचा. तळाला मध्यापासून दोन्ही बाजूंना दर मीटरला १ सेंटीमीटर उतार द्यायचा. मग चाळलेला मुरूम दोन थरांत टाकायचा, प्रत्येक थर पाणी मारून, रोलर फिरवून ५ सेंटीमीटर दाबून घ्यायचा. वर दोन-तीन सेंटीमीटर बारीक लाल माती. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर असतं. भोवती ३ मीटर मोकळी जागा धरली तर ३३ बाय २२, म्हणजे ७२६ चौरस मीटर होतात. दाबलेला १० सेंटीमीटर मुरूम ७३ घनमीटर भरतो. सैल मुरूम दाबल्यावर चौथा हिस्सा तरी बसतो, म्हणून मागवताना ३३ ते ३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) धरावा. मुलांच्या कबड्डीचं १३ बाय १० चं मैदान तेवढ्याच मोकळ्या जागेसह १४ ब्रासमध्ये होतं.

काम फसतं ते तीन कारणांनी. मुरूम न चाळता टाकला की सुपारीएवढे खडे वर येतात आणि सूर मारणाऱ्या मुलांचे गुडघे सोलतात. ओल्या काळ्या मातीवर मुरूम टाकला की तो खाली रुततो आणि वर्षभरात पुन्हा चिखल. तिसरं कारण सगळ्यांत जास्त आढळतं: इमारतीच्या गच्चीचा पावसाचा पाइप सरळ मैदानात सोडलेला असतो. तो गटारीला जोडला नाही तर मुरमाचा खर्च वाया गेलाच म्हणा. रविवारी मैदान मांडवासाठी दिलं जात असेल, तर खुंट्यांचे खड्डे कोण बुजवतं आणि खिळे कोण वेचतं, हेही विचारा. सिंहस्थ जवळ आल्यावर शाळांच्या जागांची गरज वाढेल, तेव्हा तर हा प्रश्न हवाच.

४०० मीटरचा ट्रॅक शाळेत बसत नाही, त्यासाठी हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात जावं लागतं. पण चार लेनचा २०० मीटरचा ट्रॅक ९० बाय ४६ मीटरमध्ये बसतो. दोन सरळ बाजू प्रत्येकी ४३ मीटर, आणि वळणाची आतली चुन्याची रेघ १७.९४ मीटर त्रिज्येची. ही त्रिज्या १८.१४ घेण्याची चूक नेहमी होते. धावण्याचं अंतर रेघेपासून २० सेंटीमीटर बाहेर मोजतात हे विसरलं जातं आणि मूल दर फेरीला सव्वा मीटर जास्त धावतं. १५०० मीटरला हा फरक ९ मीटरच्या वर जातो आणि वेळेच्या नोंदी खोट्या पडतात. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, त्यांची तयारी नाशिकमध्येच झाली. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडून शहरात आलेल्या कुटुंबांतली अशी दमाची मुलं आपल्या उपनगरांच्या वर्गांत आजही बसलेली आहेत. त्यांना सपाट माती हवी आणि घड्याळ लावून दर आठवड्याला वेळ लिहून ठेवणारा शिक्षक हवा.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि नाशिक महापालिका क्षेत्राची स्पर्धा जिल्ह्याच्या ग्रामीण भागापासून वेगळी असते. नोंदणी शाळेनेच करायची असते. क्रीडा शिक्षकाने मुदत चुकवली तर कितीही चांगला संघ घरी बसतो. खेळाडूंना दहावीत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा प्रस्तावही शाळेमार्फतच जातो, त्यामुळे प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती पालकांनी सांभाळाव्यात. खेळ नसेल तर चित्रकला आहे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण, ब ला ५, क ला ३. शाळा हे परीक्षेचं केंद्र आहे का आणि कला शिक्षक आहेत का, दोन वाक्यांत कळतं.

स्वच्छतागृहांचा हिशेब साधा आहे. ३०० मुली, ६ शौचालयं, म्हणजे एकाला ५० मुली. प्रत्येकीला दीड मिनिट धरलं तरी ७५ मिनिटं लागतात, आणि मोठी सुट्टी असते अर्ध्या तासाची. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीची जळजळ, डोकेदुखी, पाळीच्या दिवसांतली गैरहजेरी, सगळं इथून सुरू होतं. दर ४० मुलींमागे एक हे प्रमाण हवं. दाराला आतून कडी, आत नळ आणि झाकणाची कचरापेटी हवी. पाहणी सुट्टी संपल्यावर करावी, सकाळी धुतलेलं असतं तेव्हा नाही.

दुपारचं अधिवेशन असेल तर डिसेंबरात शाळा सुटेपर्यंत अंधारायला लागतं. सिटीलिंक या शहर बसचा थांबा फाटकापासून किती दूर आहे आणि रस्त्यावर दिवे आहेत का, त्या वेळी स्वतः चालून बघा.

नववीत शाळा बदलणार असाल तर भाषांची निवड आधी जुळवून घ्या. संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत की संयुक्त हिंदी-संस्कृत, यांपैकी नव्या शाळेत काय शिकवतात ते लेखी विचारा. आठवीत संयुक्त घेतलेल्या मुलाला फक्त संपूर्ण संस्कृत असलेल्या तुकडीत टाकलं तर पहिल्या घटक चाचणीपर्यंत ते मागे पडतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहा. चूक असेल तर ती जुन्या शाळेतून दाखला घेण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या, कारण पुढे बोर्डाचा अर्ज याच नोंदीवरून भरला जातो.