पराक्रम कुणाचा?

"एक्स्प्लॉइट म्हणजे पराक्रम की शोषण?" वाचता वाचता लेकीने विचारलं.

दोन्ही, मी म्हटलं. नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर, अर्थ बहुधा धाडस. क्रियापद झालं की जोर दुसऱ्यावर, आणि अर्थ बहुतेकदा फायदा उपटणं.

"म्हणजे करणाऱ्याला विचारलं तर पराक्रम, ज्याच्यावर केला त्याला विचारलं तर शोषण?"

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, 'उलगडणं' इतकंच साधं. शोषणाची छटा 19व्या शतकात फ्रेंचमधून आली म्हणतात. सॉफ्टवेअरमधली फट शोधून आत घुसणाऱ्या कोडलाही हेच नाव. तिथे तर दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू!

आपला 'प्रताप' काही कमी नाही. पोवाड्यात शौर्य, घरात "बघा चिरंजीवांचे प्रताप" ऐकू आलं, की काहीतरी फुटलेलं असतं.

पण इतिहासातले किती पराक्रम समोरच्या बाजूला विचारून लिहिले गेले असतील?