शिडाची सोलापूर वारी

मे महिन्यात सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून सोलापूरला निघालो, तेव्हा बर्थखाली सव्वा मीटर लांबीची एक जाड वळकटी होती. टीसीने बुटाच्या टोकाने ती चाचपली आणि विचारलं, "गालिचा का?" म्हटलं, शीड आहे. "कशाचं?" बोटीचं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा तिकिटावरच्या 'सोलापूर'कडे पाहिलं आणि पुढच्या डब्यात निघून गेला.

माझी आणि मावसभावाची मिळून एक जुनी 38 फुटी क्रूझिंग यॉट मुंबईत नांगरलेली असते. तिचं मुख्य शीड डोलकाठीच्या पोटातच गुंडाळलं जातं. इन-मास्ट फर्लिंग म्हणतात त्याला. एक दोरी ओढली की शीड बाहेर, दुसरी ओढली की आत. डेकवर चढून कुणाला झटापट करावी लागत नाही, दोघांत बोट चालते. या सोयीसाठी शिडाची मागची कड आत घ्यावी लागते, कारण कड बाहेर फुगवून धरणाऱ्या आडव्या पट्ट्या डोलकाठीत गुंडाळल्या जात नाहीत. म्हणजे कापड मुळातच कमी. ते घेतानाच माहीत होतं. आमची तक्रार वेगळी होती. वाऱ्याच्या तोंडाकडे चढताना बोट पुढे जाण्यापेक्षा आडवीच जास्त व्हायची आणि चाक सतत एका बाजूला ओढायचं.

त्यात जानेवारीत मांडव्यासमोर शीड अडकलं. दुपारचा खारा वारा चढला होता, भावाला घाई झाली आणि त्याने आउटहॉल (शीड बाहेर ओढणारी दोरी) एकदम सोडून दिला. ढिलं कापड डोलकाठीच्या खाचेत शिरताना दुमडलं, दुमडीवर दुमड बसली. निम्मं शीड आत, निम्मं बाहेर फडफडतंय. "दादा, विंच लावू का?" तो ओरडला. नको म्हणालो, कारण विंचने, म्हणजे दोरी ओढायच्या चरखीने, अशी गाठ सुटत नाही, आवळते. इंजिन चालू करून बोटीचं नाक वाऱ्यात धरलं. आउटहॉलने हातभर बाहेर, मग फर्लिंग लाइनने वीतभर आत, पुन्हा बाहेर. पंचवीस मिनिटं हेच चाललं होतं. शेवटी दुमड सुटली तेव्हा दोघांचे तळवे सोललेले.

पावसाळ्याआधी शीड उतरवावंच लागतं. डोलकाठीत ओलसर गुंडाळून चार महिने ठेवलं तर बुरशी धरते. पण उतरवून नीट पसरायचं कुठे? समोरची, डोलकाठीकडची कडच 12.8 मीटर. मुंबईत एवढी कोरडी, स्वच्छ फरशी मिळेना. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं शेड आहे, आणि तिथले दोन लूम नुकतेच विकल्यामुळे मधली जागा रिकामी होती.

उतरवणाऱ्यांसाठी: सकाळी, मतलई वारा पडून खारा सुरू होण्याच्या मधल्या शांत वेळात काम उरका. शीड पूर्ण बाहेर काढा, कोपरे मोकळे करा आणि मगच हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारी दोरी, सोडा. एकाने कापड खाचेतून ओढायचं, दुसऱ्याने खालच्या कडेला समांतर घड्या घालत जायचं. नंतर कापडाच्या तागात असते तशा पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. आडव्या-उभ्या कडक घड्या नकोत, त्या रेषेवर कापड मरतं. आमची वळकटी 14 किलोची झाली.

शेडमध्ये ते आधी साध्या पाण्याने धुतलं, डागांवर सौम्य साबण. ब्लीच नाही, गरम पाणी नाही, वॉशिंग मशीन तर नाहीच. मिठाचे कण राहिले तर कापड हवेतली ओल ओढत राहतं. सोलापूरच्या मे महिन्यात वाळवण्याची चिंता नसते, पण ते सावलीत वाळवा. ऊन पॉलिएस्टर खातं. आणि फरशीवर आधी जाड प्लॅस्टिक अंथरा. मी अंथरलं नाही. लूमखालच्या जुन्या तेलाचा तळहाताएवढा डाग मागच्या कोपऱ्यावर आहे, तो आता तिथेच राहणार.

आमचे जॉबर, म्हणजे लूमची देखभाल करणारे, आण्णा चाळीस वर्षं लूमवर आहेत. समुद्र त्यांनी पाहिला असेल-नसेल. ते उकिडवे बसले, मागच्या कोपऱ्याजवळ कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं आणि आधी ताण्याच्या दिशेने ओढलं, मग बाण्याच्या. हललं नाही. मग तिरकं ओढलं. कापड रबरासारखं गेलं आणि परत आलंच नाही, चिमटीच्या मधोमध एक चुणी उभी राहिली. "मालक, ताणा-बाणा जागेवर हाय. ह्ये उरेबात गेलंय. खळ उतरलीय ह्याची."

आमच्या शिडाचं कापड डेक्रॉन, म्हणजे शेवटी विणलेलं पॉलिएस्टरच. धाग्याच्या दिशेने ते दगड असतं, तिरक्या दिशेने त्याला सावरतो तो उष्णता आणि रेझिनचा कडकपणा. आण्णांची खळ ती हीच. वर्षानुवर्षं फडफडून ती मोडते आणि मग कोपऱ्यातून तिरका ताण आला की शीड पिशवी होतं. पिशवीचा खोल भाग मागे सरकतो. तो मागे गेला की वारा बोटीला पुढे ढकलण्याऐवजी आडवं पाडतो, आणि हेच फालतू कापड गुंडाळताना खाचेत दुमडतं. एकाच रोगाची ही दोन दुखणी.

खोली किती हे मात्र फरशीवर कळत नाही. ते मी उतरवण्याआधीच, वाऱ्यावर चढताना मोजून ठेवलं होतं. शिडावर मध्यावर आडवी गडद चिकटपट्टी लावायची, बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याच्या) मधोमध फोन ठेवून सरळ वर फोटो काढायचा. फोटोत पट्टीची दोन टोकं सरळ रेषेने जोडली की त्या रेषेच्या लांबीच्या किती टक्के खोली आहे आणि ती कुठे आहे, हे मोजता येतं. आमची 16 टक्के निघाली, तीही निम्म्याच्या मागे. मध्यम वाऱ्यात 10 ते 12 टक्के आणि निम्म्याच्या थोडी पुढे असावी.

हे फोटो आणि वळकटी घेऊन मुंबईत शिडं शिवणाऱ्याकडे गेलो. त्याने समोरच्या कडेची गोलाई मध्यावर 4 सेंटिमीटर कापून कड परत शिवली आणि दोन जोडशिवणी आत घेतल्या. डोलकाठी सरळ असताना त्या कडेला गोलाई जास्त असेल तर ते सगळं कापड पोटात जातं. उभ्या पट्ट्या घालून मागची कड वाढवा, असा सल्ला एकाने दिला होता. नव्या शिडासाठी तो ठीक आहे. पण पट्टी डोलकाठीच्या आतल्या, शीड गुंडाळणाऱ्या दांड्याला समांतर बसली नाही तर तीच अडकते, आणि खळ उतरलेल्या कापडावर तो खर्च मला पटला नाही.

दिवाळीनंतर शीड चढवलं आणि खांदेरीपर्यंत दोन दिवस जाऊन आलो. जाताना वारा पाठीशी, तेव्हा काही कळलं नाही. परतताना वायव्येच्या वाऱ्यात चढायचं होतं. चाक दोन बोटांनी धरता येत होतं. वारा एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने घेत चढताना कंपासवरच्या दोन रोखांतला कोन जितका कमी तितकं चांगलं; तो पूर्वी 105 अंशांच्या आसपास असायचा, आता 95. फोटोत खोली 11 टक्के.

बाकीचं काम दोऱ्यांचं. या शिडात आउटहॉल हाच तुमचा मुख्य लगाम आहे: वारा वाढला की ओढा, पडला की सोडा. त्याची जुनी पॉलिएस्टर दोरी ताणली जायची, ती काढून डायनिमा या न ताणणाऱ्या धाग्याच्या गाभ्याची घातली. शीड कमी केल्यावर आउटहॉल आणखी आवळा, नाहीतर उरलेलं शीड पुन्हा फुगतं. गुंडाळताना बूमचं मागचं टोक किंचित वर हवं. फार खाली असेल तर मागची कड ताणते आणि खालचं कापड सुरकुततं, फार वर असेल तर उलट, वर दुमड पडते. योग्य उंची सापडली की व्हँगच्या, म्हणजे बूम खाली धरणाऱ्या, दोरीवर टेपने खूण करून ठेवा. बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) आधी ढिला करा, वाकलेल्या डोलकाठीत आतला दांडा घासतो. हॅलयार्ड समोरच्या कडेच्या आडव्या सुरकुत्या जाण्यापुरताच. आउटहॉल हातात धरून थोडा ताण ठेवत सोडा आणि नजर वर, खाचेवर असू द्या. वारा कुठल्या बाजूने घेतला की शीड सहज आत जातं हे गुंडाळण्याच्या दिशेवर ठरतं. दोन्ही बाजूंनी करून पाहा, एक नक्की सोपी लागते.

सोलापूरला परतल्यावर आण्णांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि शिडाच्या टोकावर नख ठेवलं. "हितं अजून फडफडतंय की."

फडफडत होतं खरं. लीच लाइन, मागच्या कडेतली बारीक दोरी, ओढायची राहिली होती.