चिकू, पळी आणि वॉचमनकाका
इतक्या वर्षांत घरात कधी शू न केलेल्या आमच्या चिकूने (शिह त्झू जातीची कुत्री, वय आठ) या आठवड्यात चक्क गालिचा, सोफ्याचा कोपरा आणि देवघरासमोरची फरशी, सगळं ओलं केलं. आईचं निदान तयार: "लाडावून ठेवलीय तुम्ही." शेजारच्या काकू म्हणाल्या, घरात बाळ आलंय ना, जळते ती.

आज डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, एकदम भरपूर करते की थेंबथेंब, सारखी सारखी? पाणी जास्त पितेय का? थेंबथेंब असेल तर मूत्राशयाला जंतुसंसर्ग नाहीतर खडा. पाणी वाढलं असेल तर मधुमेह, किडनी हेही बघावं लागतं. संसर्ग माद्यांना जास्त होतो, आणि शिह त्झूंमध्ये खडेही बरेच आढळतात.

लघवीचा नमुना घेणं हा वेगळाच सोहळा! सोसायटीच्या बागेत मी लांब दांड्याची पळी घेऊन तिच्या मागे वाकलेली. बसली की पळी सरकवायची, तर ही उठून माझ्याकडेच बघणार. वॉचमनकाका फोन बाजूला ठेवून मजा घेत होते. (आई, ती पळी आता स्वयंपाकघरात येणार नाही.)

रिपोर्टमध्ये पस सेल्स (पूच्या पेशी, म्हणजे संसर्गाची खूण) आणि रक्त निघालं. सोनोग्राफीत खडा नाही, सुटलो! अँटिबायोटिक सुरू केलंय. फरशीला एन्झाइमवालं क्लीनर. अमोनियावालं नको, त्याचा वास कुत्र्यांना लघवीसारखाच वाटतो म्हणे.

कल्चरचा (लघवीत नेमके कोणते जंतू आहेत त्या तपासणीचा) रिपोर्ट शनिवारी. तोवर हिला सारखं खाली न्यायचंय, आणि आमची लिफ्ट बंद आहे.